संकेतस्थळ आणि ॲप : पडताळणीचे अर्थशास्त्र

मोबाईलवर आलेल्या लिंकला स्पर्श करताच ब्राउझरऐवजी संबंधित संस्थेचे ॲप उघडते आणि नेमके हवे ते पान समोर येते. या सोयीला 'डीप लिंक' म्हणतात. तिच्या मुळाशी एक महत्त्वाचा प्रश्न आहे : अमुक संकेतस्थळाची लिंक उघडण्याचा अधिकार या ॲपला कोणी दिला?

एका पद्धतीत ॲप स्वतःच एखादी खूण, म्हणजे 'कस्टम स्कीम', नोंदवते. एकच खूण अनेक ॲपना नोंदवता येते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयच्या पेमेंट लिंकमध्ये अशी सामायिक खूण वापरली जाते. तेथे अनेकांचा दावा अभिप्रेतच आहे. मात्र बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक परक्या ॲपने उघडणे धोक्याचे ठरते.

दुहेरी घोषणा

२०१५ मध्ये ॲपलने आयओएस ९ मध्ये 'युनिव्हर्सल लिंक', तर गूगलने अँड्रॉइड ६ मध्ये 'ॲप लिंक' ही पद्धत आणली. तिच्यात ॲप संकेतस्थळाचे नाव जाहीर करते आणि संकेतस्थळ आपल्या 'वेल-नोन' या ठरावीक फोल्डरमधील फाइलमध्ये ॲपची ओळख नोंदवते. दोन्ही घोषणा जुळल्या तरच नाते मान्य होते. माहितीच्या विषमतेवरील हा संस्थात्मक उपाय होय.

नूतनीकरण आणि विलंब

आयओएस १३ पर्यंत फोन ही फाइल थेट संकेतस्थळावरून घेत असे. २०२० मधील आयओएस १४ पासून ती ॲपलच्या मध्यस्थ वितरणजालातून, म्हणजे सीडीएनमधून, येते. ॲपलच्या माहितीनुसार हे जाल २४ तासांच्या आत संकेतस्थळाकडे फाइल मागते; ॲप बसवल्यानंतर फोन साधारणतः आठवड्यातून एकदा बदल तपासतो. त्यामुळे आज केलेली दुरुस्ती सर्व फोनपर्यंत लगेच पोहोचत नाही.

येथे लाभ आणि खर्च यांचा तोल आहे. प्रत्येक फोनने वारंवार विचारणा केली तर माहिती ताजी राहील, पण सर्व्हरवरील भार वाढेल. साठवलेली प्रत वापरली तर भार घटतो, परंतु मागे घेतलेली परवानगी काही दिवस जिवंत राहू शकते. ताजेपणालाही किंमत असते, हे तत्त्व विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

धोरणात्मक बोध

सार्वजनिक सेवांच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ॲप प्रसृत होण्यापूर्वीच फाइल संकेतस्थळावर असावी आणि ती सर्वांना खुली असावी. बाहेरील विनंत्या अडवल्यास सीडीएनलाही ती मिळत नाही. दुसरी, ॲप बदलताना संक्रमणकाळात जुन्या व नव्या दोन्ही नोंदी ठेवाव्यात. तिसरी, संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी वेळेवर नूतनीकृत करावी. नाव दुसऱ्याच्या हाती गेले की घोषणेचा अधिकारही त्याच्याकडे जातो.

या व्यवस्थेची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. पडताळणी केवळ संकेतस्थळ व ॲप यांची परस्पर संमती सिद्ध करते, त्यांचा प्रामाणिकपणा नव्हे. फसव्या संकेतस्थळाचे फसवे ॲपही ही कसोटी उत्तीर्ण होऊ शकते. म्हणूनच तांत्रिक पडताळणीला नियमन आणि नागरिकांची डिजिटल साक्षरता यांची जोड अपरिहार्य ठरते.