विंचू, घाम आणि ईसीजीची पट्टी

मागच्या पावसाळ्यात आमच्या सातवीतल्या एका मुलाला सरपणातून लाकूड काढताना विंचू चावला. घर शाळेला लागूनच, म्हणून आम्ही दोघे-तिघे शिक्षक धावलो. पोरगा आधी रडला, मग गप्प झाला. विंचू उतरला, असे जमलेली मंडळी म्हणाली. आम्हालाही तेच वाटले. कुणीतरी त्याचा हात धरला तर तो गार, आणि शर्ट घामाने चिंब. तेवढ्यात त्याला उलटी झाली. रिक्षात घालून दवाखाना गाठला. तो वाचला, पण आपल्याला काहीच ठाऊक नव्हते हे आम्हाला कळले. म्हणून हा पाठ.

लाल विंचू काळ्यापेक्षा लहान, पण फार विषारी. त्याच्या विषामुळे अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये एकदम रक्तात सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला भार पेलवेनासा होतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. जीव जातो तो यामुळे, वेदनेमुळे नव्हे. उलट, चावलेल्या जागी जोराचा ठणका आणि हातपाय उबदार असले तर धोका बहुधा कमी. वेदना कमी पण दरदरून घाम, गार हातपाय आणि उलट्या, तर क्षणही दवडू नये. लहान मुलांना धोका अधिक.

हे उमगले ते कोकणात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. गंभीर दंशाचे पुष्कळ रुग्ण तेव्हा दगावत. बावस्कर खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि १९८६ मध्ये प्राझोसिनचा उपचार. औषध रक्तदाबाचेच, साधी गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे महाडच्याच ७० रुग्णांच्या अभ्यासातून २०११ मध्ये पुढे आले. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. (गोळी डॉक्टरांनीच द्यायची, पालकांनी घरी देऊ नये. जखम कापणे, दोरी आवळणे हेही नको.) आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात ही दोन्ही औषधे असतात का, याची चौकशी विश्वस्तांनी पावसाळ्यापूर्वी करावी, अशी आमची विनंती आहे.

त्या मुलाच्या वडिलांनी त्याच्या ईसीजीची झेरॉक्स दिली. नाव झाकून ती आम्ही प्रयोगशाळेत लावली आहे. पट्टीवरचा छोटा उंचवटा ‘पी’, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे. उंच टोक ‘क्यूआरएस’, खालचे कप्पे. त्यामागची लाट ‘टी’, पुढच्या ठोक्याआधीची सावरण्याची वेळ. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून पाच मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. चार चौकोन असते तर ७५. या पट्टीवर दोनच आहेत. नववी-दहावीच्या मुलांनी स्वतः मोजून पाहावे.