टोकियोत राहून काबुकी पाहण्याविषयी

चि. भाची व जावईबापू यांस,

परदेशी जाऊन राहिलेले मराठी जोडपे तिथल्या नाटकापासून सहसा चार हात लांब राहते. गणेशोत्सवातला मंडळाचा हौशी प्रयोग चुकत नाही, पण गावातल्या नाट्यगृहाची पायरी भाषा आल्यावरच चढायची असे मनाशी ठरलेले असते. टोकियोत तरी हा बेत सोडून द्यावा. काबुकी या जपानी नाट्यप्रकाराची भाषा इतकी जुनी आहे की ती खुद्द जपानी प्रेक्षकालाही पुरती उमगत नाही. कित्येक जण भाड्याने मिळणारे समालोचन कानाला लावून बसतात. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने जपानी शिकलेला एक आणि न शिकलेला दुसरा, यांच्यातले अंतर या नाट्यगृहात पुष्कळ कमी होते. जाणत्याने दुसऱ्याच्या कानात भाषांतर कुजबुजत बसू नये. त्याचे स्वतःचे नाटक बुडते आणि शेजाऱ्याला जाच होतो तो वेगळाच.

टोकियोच्या निशि-कासाई भागात राहणाऱ्यांना काबुकिझा नाट्यगृह दूर नाही. तोझाई मार्गाने कायाबाचोपर्यंत जाऊन हिबिया मार्गाची गाडी पकडली की हिगाशि-गिन्झा स्थानकाला लागूनच ते आहे. हे नाट्यगृह १८८९ साली सुरू झाले. पुढे १९२१ची आग, १९२३चा भूकंप आणि १९४५ची बॉम्बफेक यांनी ते पुनःपुन्हा उद्ध्वस्त केले. केंगो कुमा या वास्तुविशारदाचा हात लागलेली, २०१३ साली खुली झालेली आजची इमारत पाचवी आहे.

इथला कार्यक्रम दर महिन्याला बदलतो. एकेका खेळात दोन-तीन वेगवेगळ्या कलाकृती असतात आणि मध्यंतरे धरून तो चार तासांच्या आसपास चालतो. नवख्याने पहिल्या खेपेला एवढा वेळ बसू नये. चौथ्या मजल्यावर एकाच अंकाची स्वस्त तिकिटे मिळतात, ती काढावीत. जागा रंगमंचापासून लांब असते, म्हणून दुर्बीण न्यावी.

कथा मात्र घरून वाचून जावे, शेवटासकट. काबुकीचा प्रेक्षक पुढे काय होणार हे पाहायला येत नाही. ठाऊक असलेला प्रसंग आजचा नट कसा पेलतो हे पाहायला येतो. १८४० साली प्रथम रंगमंचावर आलेले ‘कांजिंचो’ सुरुवातीला उत्तम. पळून चाललेल्या योशित्सुने या सरदाराला हमालाचा वेश देऊन त्याचा सेवक बेंकेई नाक्यावर येतो. आपण देणगी गोळा करणारे साधू आहोत हे पटवण्यासाठी तो कोऱ्या गुंडाळीतून देणगीचे आवाहन खणखणीत आवाजात ‘वाचतो’. तरीही हमालावर संशय येतो, तेव्हा तो स्वतःच्या धन्यालाच काठीने मारतो. नाक्याचा अधिकारी तोगाशी सगळे ओळखतो आणि त्यांना सोडून देतो. एवढे माहीत असेल तर काठी उगारताना नटाच्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते शब्दांवाचून कळते. शेवटी बेंकेई प्रेक्षागृहातून जाणाऱ्या उंच वाटेवरून, म्हणजे हानामिचीवरून, झेपा टाकत जातो. ही वाट चौथ्या मजल्यावरून पूर्ण दिसत नाही. तेवढ्यासाठी पुढे कधीतरी खालच्या मजल्याचे महागडे तिकीट काढावे, पैसे वाया जात नाहीत.

स्त्रियांच्या भूमिका इथे पुरुष नट करतात, त्यांना ओन्नागाता म्हणतात. गंमत अशी की काबुकीचा आरंभ ज्या ओकुनीच्या नावाने सांगतात ती स्वतः स्त्री होती. १६२९ साली सरकारने स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली आणि ही परंपरा उभी राहिली. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे नट्या आल्या आणि स्त्रीपार्टी नट मागे पडले. काबुकीत बंदी उठल्यावरही ते टिकले. आणखी एक संकेत असा की काळ्या कपड्यांतले मदतनीस रंगमंचावर उघड वावरतात. ते दिसत नाहीत असे धरून चालायचे असते, आणि थोड्या वेळाने ते खरोखर दिसेनासे होतात.

नट डोळे रोखून क्षणभर निश्चल उभा राहतो, त्या पवित्र्याला मिए म्हणतात. तेव्हा मागच्या रांगांतून त्याच्या घराण्याचे नाव पुकारले जाते, उदाहरणार्थ दान्जुरो या नटासाठी ‘नारिताया!’. ही दाद ऐकायला वन्समोअरसारखी सोपी वाटली तरी तिची वेळ जाणकारच साधतात. पाहुण्याने फक्त टाळ्या वाजवाव्यात. खालच्या मजल्यांवर मध्यंतरात जागेवर बसून डबा खाता येतो, हा रिवाज मराठी प्रेक्षकाला विशेष मानवेल. विकतच्या डब्यात मासे असण्याचाच संभव अधिक, तेव्हा शाकाहारी माणसाने घरचा न्यावा.

नो हा दुसरा जपानी नाट्यप्रकार फार संथ असतो. तो नंतर पाहावा. सेन्दागायाच्या राष्ट्रीय नो नाट्यगृहात समोरच्या आसनाच्या पाठीवर इंग्रजी मजकूर उमटतो. शिमोकिताझावातल्या छोट्या नाट्यगृहांत आजच्या जपानची नाटके होतात, १९८२ साली सुरू झालेले होन्दा हे त्यांतले नामांकित. तिथे संवादांवर सारी भिस्त असल्याने जपानी यावेच लागते, म्हणून ती नाटके दोन वर्षांनी पाहिली तरी चालतील. काबुकीसाठी मात्र भाषेची वाट पाहत बसण्याचे काही कारण नाही.

तुमचा,
मामा