षट्कोनी पटावरील बुद्धिबळ

बुद्धिबळाचा पट सर्वांच्या परिचयाचा आहे. आठ उभ्या व आठ आडव्या रांगा, मिळून चौसष्ट घरे. एक घर पांढरे, तर शेजारचे काळे. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे व आठ प्यादी असे प्रत्येक बाजूचे सोळा मोहरे मांडले, की डावाला आरंभ होतो. हा खेळ मूळचा भारतातला. येथून तो इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात पोहोचला. या लांबच्या प्रवासात त्याचे नियम पुष्कळ बदलले. आरंभी वजीर तिरपे एकच घर चालत असे. त्याला आजचे बळ पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाले. मोहऱ्यांची नावेही ठिकठिकाणी पालटली. ज्याला आपण उंट म्हणतो त्याला इंग्लंडात धर्मगुरू, पोलंडात दूत आणि रशियात चक्क हत्ती म्हणतात! इतके सारे बदलले, परंतु पटावरील घर मात्र चौकोनीच राहिले.

ते चौकोनीच का असावे? एखाद्या खोलीत फरशी बसवावयाची आहे, सर्व फरश्या एकाच मापाच्या व एकाच आकाराच्या आहेत, प्रत्येकीच्या सर्व बाजू सारख्या व सर्व कोन सारखे आहेत, आणि मध्ये कोठेही फट राहू द्यावयाची नाही, असे समजा. अशा वेळी तीनच आकार उपयोगी पडतात : समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. पंचकोनी फरश्या कशाही ठेवल्या तरी त्यांच्या मध्ये फट राहतेच. मधमाशीने आपल्या पोळ्यासाठी यांतला षट्कोन निवडला; बुद्धिबळाने चौरस निवडला. मग बुद्धिबळाचा पट पोळ्यासारखा का करू नये?

हा प्रश्न व्लादिस्लाव ग्लिन्स्की नावाच्या एका पोलिश गृहस्थाने मनावर घेतला. १९३६ साली त्याने षट्कोनी पटावरील बुद्धिबळाची कल्पना मांडली. पुढे तो ब्रिटनमध्ये राहिला आणि १९४९ साली तेथे त्याने आपला खेळ लोकांपुढे आणला. त्याच्या पटावर अकरा उभ्या रांगा आहेत. कडेच्या रांगेत सहा घरे, तिच्या शेजारच्या रांगेत सात, असे एकेक घर वाढत मधल्या रांगेत अकरा घरे होतात. तेथून पलीकडच्या कडेपर्यंत ती पुन्हा एकेकाने कमी होतात. ही सर्व घरे मिळून एक्क्याण्णव भरतात.

घरे आखणे हे काम सोपे होते. कागद, पट्टी व पेन्सिल घेऊन कोणताही विद्यार्थी ते तासाभरात करू शकेल. खरी अडचण पुढेच होती. जुने मोहरे या नव्या पटावर ठेवले, तर त्यांना चालावे कसे तेच समजेना! चौकोनी घरासाठी सांगितलेले नियम षट्कोनी घराला लागू पडत नव्हते. तेव्हा प्रत्येक मोहऱ्याच्या चालीतले काय राखावे आणि काय सोडून द्यावे, याचा नव्याने विचार करणे भाग होते.

प्रथम रंगांचाच प्रश्न घ्या. चौकोनी पटावर दोन रंग पुरतात. षट्कोनी पटावर ते पुरत नाहीत. कारण तेथे कोणत्याही कोपऱ्यावर तीन घरे एकत्र येतात, आणि त्यांतले प्रत्येक घर इतर दोघांना लागून असते. पहिल्याला पांढरा रंग दिला व दुसऱ्याला काळा दिला, तर तिसऱ्याला कोणता द्यावा? म्हणून या पटाला फिकट, मध्यम व गडद असे तीन रंग द्यावे लागतात.

हत्तीची चाल त्या मानाने लवकर सुटली. जुन्या पटावर हत्ती घराची बाजू ओलांडून सरळ जातो. नव्या घराला सहा बाजू आहेत, म्हणून हत्तीला सहा वाटा मिळाल्या. उंटाने मात्र चांगलेच कोडे घातले. चौकोनी पटावर उंट कोपऱ्यातून तिरपा जातो. तेथे दोन घरे नुसत्या टोकाने एकमेकांना टेकलेली असतात. षट्कोनी पटावर नुसत्या टोकाने टेकणारी घरेच नाहीत! जी दोन घरे एकमेकांना लागून आहेत, त्यांची एक संपूर्ण बाजू सामाईक असते. मग उंटाने जावे कोठून?

याचे उत्तर घराच्या कोपऱ्याकडे नीट पाहिल्यास सापडते. घराच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूस एक रेघ निघते. ती रेघ म्हणजे शेजारच्या दोन घरांमधली सीमा होय. त्या रेघेवरून पुढे गेल्यास ती जेथे संपते तेथे एक नवे घर लागते. उंट त्या दोन घरांच्या मधून, जणू दोन शेतांमधल्या बांधावरून चालत, या नव्या घरात जातो. आणि गंमत अशी, की हे घर नेमके त्याच्या मूळ घराच्याच रंगाचे असते. उंटाने आपला रंग कधीही सोडू नये हा त्याचा जुना बाणा येथेही टिकला. मात्र रंग तीन झाल्यामुळे दोन उंट ठेवले असते, तर एका रंगाच्या घरांवर उंटाची सत्ता कधीच पोहोचली नसती. म्हणून ग्लिन्स्कीने प्रत्येक बाजूला तीन उंट दिले आणि ते मधल्या रांगेत एकामागे एक उभे केले. अशा रीतीने एका मोहऱ्याचा स्वभाव राखण्यासाठी सैन्याची संख्याच वाढवावी लागली.

तिसऱ्या उंटाला आणखीही एक कारण सांगता येईल. चौकोनी पटावर हत्ती कोठेही असो, पट मोकळा असल्यास त्याला चौदा घरी जाता येते. षट्कोनी पटाच्या मध्यावर हत्ती ठेवला, तर त्याला तीस घरे मोकळी मिळतात. म्हणजे त्याचे बळ दुपटीहूनही वाढले. उंटाला मात्र तेथून बाराच घरी जाता येते, आणि जुन्या पटाच्या मध्यावरून त्याला तेरा घरे मिळत असत. हत्ती एवढा बलवान झाला असता उंट एकाने तरी वाढला, हे न्यायाचेच म्हटले पाहिजे. हत्ती व उंट या दोघांच्या चाली वजिराला मिळतात, तेव्हा त्याला बारा वाटा झाल्या. राजाही त्याच बारा वाटांनी, परंतु एका वेळी एकच पाऊल चालतो.

घोड्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. घोडा अडीच घरे चालतो असे आपण म्हणतो. दोन घरे सरळ जाऊन तो काटकोनात वळतो. षट्कोनी घरांत काटकोनच नसल्यामुळे हे वर्णन तेथे निरुपयोगी ठरते. परंतु घोड्याच्या चालीकडे दुसऱ्या रीतीनेही पाहता येते. वजीर ज्या घरी एका खेळीत जाऊ शकत नाही, अशा घरांपैकी जी सर्वांत जवळ असतात, त्यांवर घोडा उडी मारतो. हे वर्णन जुन्या पटाला जसे तंतोतंत लागू पडते, तसेच नव्यालाही पडते. नव्या पटावर घोडा दोन घरे सरळ जातो व मग किंचित वळून पुढचे घर घेतो. मध्यावरच्या घोड्याला अशी बारा घरे मिळतात. जुन्या पटावर घोडा प्रत्येक उडीत आपला रंग बदलतो. येथेही तो आपल्या रंगाच्या घरावर कधीच उतरत नाही. विद्यार्थ्यांनी पट आखून, त्यात तीन रंग भरून हे अवश्य पडताळून पाहावे.

प्याद्यासाठी आधी घराची ठेवण ठरवावी लागली. घर टोकावर उभे केले, तर प्याद्याच्या समोर एक घर न येता दोन घरे येतात आणि त्याची वाट फुटते. ग्लिन्स्कीने घराची सपाट बाजू समोर ठेवली. त्यामुळे बिचाऱ्या प्याद्याला सरळ एकच वाट राहिली. प्यादे मारताना मात्र आडवाटेने जाते. ग्लिन्स्कीच्या नियमाप्रमाणे ते आपल्या पुढच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला लागून असलेल्या घरातील मोहरा मारते. प्रत्येक बाजूला नऊ प्यादी असतात आणि ती बाणाच्या टोकासारखी मांडलेली असतात. मधले प्यादे सर्वांच्या पुढे, तर कडेची सर्वांच्या मागे. या मांडणीत प्रत्येक प्यादे मधल्या बाजूच्या आपल्या शेजाऱ्याची पाठराखण करते. याहूनही सुंदर गोष्ट रांगा मोजल्यावर ध्यानात येते. मधले प्यादे पुढे उभे आहे, परंतु त्याची रांग लांब आहे. कडेचे प्यादे मागे आहे, परंतु त्याची रांग आखूड आहे. परिणामी सरळ चालत जाऊन मोठा मोहरा होण्यासाठी नवांपैकी प्रत्येक प्याद्याला बरोबर सहाच घरे ओलांडावी लागतात. जुन्या पटावरही प्याद्याच्या वाटेत सहाच घरे असतात! पट बदलला, सैन्य वाढले, तरी प्याद्याच्या कष्टांचे माप तेच राहिले.

काही गोष्टी ग्लिन्स्कीने सोडूनही दिल्या. राजाला एका खेळीत हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची सोय त्याच्या खेळात नाही. जिच पडण्याविषयीचा त्याचा नियमही वेगळा आहे. राजाला शह नाही, पण त्या खेळाडूला एकही खेळी करता येत नाही, अशा स्थितीला जिच म्हणतात. नेहमीच्या बुद्धिबळात जिच पडली, की डाव बरोबरीत सुटतो व दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. ग्लिन्स्कीने मात्र कोंडी करणाऱ्यास पाऊण गुण व कोंडीत सापडणाऱ्यास पाव गुण देण्याचे ठरविले. हरत आलेल्या खेळाडूला जिच म्हणजे मोठाच आधार असतो. तो येथे बराचसा काढून घेतला गेला. हे योग्य झाले की अयोग्य, याविषयी खेळणाऱ्यांचे एकमत होणे कठीण आहे.

या कोड्याचे उत्तर एकच असते, असेही नाही. सोव्हिएत रशियातील इसाक शाफ्रान हा व्यवसायाने भूगर्भशास्त्रज्ञ. त्याने १९३९ साली आपला स्वतंत्र षट्कोनी खेळ रचला. त्याच्या पटावर नऊ रांगा व सत्तर घरे आहेत, आणि पटाच्या सहाही बाजू सारख्या नाहीत. त्यानेही तीन उंट घेतले. परंतु राजाला हत्तीच्या आड नेण्याची जी सोय ग्लिन्स्कीने सोडली, ती त्याने राखली. १९६० साली त्याचा खेळ जर्मनीतील लाइपझिग शहरात प्रदर्शनात मांडण्यात आला होता. पुढे १९७८-७९ च्या सुमारास डेव्ह मॅककूई व रिचर्ड हनिकट या दोघांनी ग्लिन्स्कीचाच एक्क्याण्णव घरांचा पट घेऊन आणखी एक खेळ बसविला. त्यांनी प्यादी सातच ठेवली. त्यांचे प्यादे उंटाच्या बांधावरून तिरपे जाऊन मारते, कारण जुन्या पटावर प्यादे उंटाच्याच वाटेने मारते, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. तीन उंटांविषयी सर्वांचे एकमत व्हावे आणि गरीब प्याद्याविषयी मतभेद व्हावेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्लिन्स्कीने आपले नियम १९७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पोलंडात व पूर्व युरोपातील इतर काही देशांत हा खेळ आवडीने खेळला जाऊ लागला, आणि १९८० साली त्याचा आंतरराष्ट्रीय संघही स्थापन झाला.

जुन्या पटावर मुरलेला खेळाडू या पटावर बसला, की त्याला आपले पाठ केलेले पुष्कळसे ज्ञान बाजूला ठेवावे लागते. एकट्या राहिलेल्या राजावर दोन उंट आपल्या राजाच्या साहाय्याने मात करू शकतात, हे तो लहानपणी शिकलेला असतो. येथे ते जवळजवळ कधीच साधत नाही; दोन उंट दोन रंग राखतात आणि तिसऱ्या रंगाची घरे राजाला निसटण्यास मोकळी राहतात. उलट, दोन घोडे व राजा यांना जुन्या पटावर एकट्या राजावर बळाने मात करता येत नाही. समोरच्याने चूक केली तरच ती होते. षट्कोनी पटावर मात्र तेच दोन घोडे राजाला हळूहळू रेटीत कडेला नेतात आणि मात देतात.