आफ्रिकेला माल पाठवण्याआधी नकाशा पाहा

आमच्या ऑर्डर बुकात पूर्वी आखात, युरोप आणि आफ्रिका असे तीन रकाने होते. तिसरा रकाना महागात पडला. केनियाला चाललेले टॉवेलचे इंग्रजी लेबल आम्ही तसेच सेनेगलच्या पार्टीच्या मालाला लावले. तिथला दुकानदार फ्रेंच वाचतो. लेबले पुन्हा छापून पाठवावी लागली आणि त्या खेपेचा नफा छपाईतच गेला. चूक आमचीच. म्हणून हा पाठ आपल्या चादर-टॉवेलवाल्या भावांसाठी.

हा खंड सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरचा, भारताच्या नऊपट. संयुक्त राष्ट्रांचे सभासद असलेले देश ५४. आफ्रिकन युनियन त्याचे उत्तर, पश्चिम, मध्य, पूर्व व दक्षिण असे पाच भाग धरते. व्यापाऱ्यालाही तेच सोयीचे.

सहाराच्या वर मोरोक्कोपासून इजिप्तपर्यंत अरबी चालते. मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशियात जोडीला फ्रेंच. इजिप्तकडे स्वतःचा लांब धाग्याचा नामांकित कापूस आणि गिरण्या आहेत. तिथे टॉवेल विकायला जाणे म्हणजे पंढरपुरात बुक्का विकणे.

पूर्व किनारा आपल्याला जवळचा. केनिया-टांझानियाची स्वाहिली भाषा उर्दू शाळेत शिकलेल्याला अर्धी ओळखीची वाटते. दुका म्हणजे दुकान, हेसाबु म्हणजे हिशेब, रंगी म्हणजे रंग, बिमा म्हणजे विमा. तिथल्या बायका कांगा नेसतात. हे सुती छापील वस्त्र सुमारे दीड मीटर लांब असते, जोडीने विकले जाते, चारी बाजूंनी काठ आणि खाली स्वाहिलीत एक म्हण. बाई कापड निवडताना म्हणही वाचते. शेजारणीला टोमणा मारायचा तर तसाच कांगा घेते! नक्षी सुंदर पण म्हण चुकीची, तर माल पडून राहिलाच समजा. गुजरातेत जेतपूरच्या छपाईवाल्यांनी ही पेठ ओळखली.

आत गेले की पठार लागते. "आफ्रिका गरम, तिथे चादर कोण घेणार?" असे आपल्याकडे सर्रास बोलतात. आपले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच. नैरोबी १,७०० मीटरच्या आसपास आणि इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा २,३०० मीटरच्याही वर. तिथे रात्री पांघरूण लागते. इथिओपियाचे लोक गाबी नावाचे जाड, हातमागाचे पांढरे सुती पांघरूण अंगावर घेतात, काठाला थोडासा रंग. आपल्या भडक जेकार्ड नक्षीचा नमुना तिथे दाखवण्याआधी गाबी हातात घेऊन पाहावी. हाच तो हबश, जिथून मलिक अंबर दख्खनेत आला.

पश्चिमेत नायजेरिया व घाना इंग्रजीवाले, सेनेगल व आयव्हरी कोस्ट फ्रेंचवाले. मेण-छपाईचे ठळक रंगाचे कापड सगळीकडे चालते. मूळ जावाच्या बाटिकचे, डचांनी यंत्रावर उतरवलेले. माली-सेनेगलमध्ये सणाला बाझें नावाच्या चकाकत्या सुती डमास्कचे घोळदार झगे शिवतात. पैशाचे मात्र नीट समजून घ्या. पश्चिमेतले ८ देश सीएफए फ्रँक वापरतात, मध्य आफ्रिकेतले ६ देशही सीएफए फ्रँकच वापरतात. नाव एक, युरोशी बांधलेला दरही एक, पण एकाकडची नोट दुसरीकडे चालत नाही. म्हणून करारात डॉलर किंवा युरो लिहून घ्यावा.

दक्षिणेत ऋतू उलटे. जोहान्सबर्गला थंडी जून ते ऑगस्ट. लेसोथो या डोंगराळ देशात लोक लोकरी ब्लँकेट खांद्यावर पांघरून हिंडतात, तो त्यांचा पोशाखच आहे. आपली सुती चादर त्याची जागा घेणार नाही. जोहान्सबर्गच्या दुकानात मात्र चादर मेमध्ये लागायला हवी. म्हणजे न्हावाशेवाहून जहाज मार्चमध्ये सुटले पाहिजे आणि सूत डिसेंबरातच घेऊन ठेवले पाहिजे.