मृतांसाठीची मिस्सा तिकीट लावून कशी?

प्रश्न : मुलाकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा त्याने व्हेर्दीच्या ‘रेक्विएम’च्या मैफलीला नेलं. आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे मृतांसाठीची मिस्सा परिचयाची. पण इथे वेदी नाही, धर्मगुरू नाहीत, लोक तिकीट काढून आलेले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट! ही प्रार्थना होती की मैफल? आणि अशा वेळी टाळ्या वाजवणं बरं दिसतं का?
– एक वाचक, वसई

उत्तर : प्रार्थनाही आणि मैफलही. तुम्हाला खटकलं ते १८७४ सालीही अनेकांना खटकलं होतं. कारण हे संगीत पहिल्यांदा चर्चमध्ये झालं आणि तीनच दिवसांनी नाट्यगृहात.

आलेस्सांद्रो मान्झोनी हा इटलीचा लाडका कादंबरीकार २२ मे १८७३ रोजी मिलानमध्ये वारला. संगीतकार व्हेर्दीला त्याच्याविषयी कमालीचा आदर. अंत्ययात्रेच्या गर्दीत तो गेला नाही. काही दिवसांनी एकटाच थडग्यापाशी जाऊन आला. मग त्याने मिलानच्या नगरपालिकेपुढे प्रस्ताव ठेवला : पहिल्या स्मृतिदिनासाठी मी रेक्विएम रचतो, स्वरलिपी छापण्याचा खर्च माझा, प्रयोगाचा तुमचा. नगरपालिकेने होकार दिला. म्हणजे शब्द चर्चच्या लॅटिन मिस्सेचे असले, तरी ही रचना चर्चने मागवलेली नव्हती. एका लेखकाला शहराने वाहिलेली ती आदरांजली होती.

रेक्विएमचा शेवटचा भाग, ‘लिबेरा मे’, व्हेर्दीकडे आधीपासून पडून होता. १८६८ मध्ये संगीतकार रोस्सिनी वारला, तेव्हा तेरा इटालियन संगीतकारांनी मिळून एक रेक्विएम रचावा, अशी कल्पना व्हेर्दीनेच काढली होती. प्रत्येकाने आपापला भाग लिहिलाही, पण प्रयोग बारगळला. व्हेर्दीने आपल्या वाट्याचा भाग नव्याने घडवून मान्झोनीच्या रेक्विएमला जोडला.

आता पहिल्या प्रयोगाकडे येऊ. मिलानमधली चर्चेस पाहून व्हेर्दीने सान मार्को निवडलं, कारण तिथे आवाज चांगला घुमत होता. अडचण स्त्रियांची होती. चर्चच्या गायनवृंदात स्त्रियांना मज्जाव, आणि इथे तर एकल गाणाऱ्या चौघांपैकी दोघी स्त्रिया, शिवाय कोरसमध्येही बायका. अखेर आर्चबिशपकडून परवानगी मिळाली ती अटीवर : अंगभर काळा पोशाख आणि डोक्यावर शोकाची जाळी. २२ मे १८७४ रोजी स्वतः व्हेर्दीने वाद्यवृंदाचं संचालन केलं. चर्च असल्यामुळे टाळ्यांचा प्रश्नच नव्हता. २५ मेला त्याच गायकांना घेऊन तो ला स्काला या ऑपेरागृहात उभा राहिला. तिथे टाळ्या तर पडल्याच, वर ‘वन्स मोअर’च्या आग्रहाने काही भाग पुन्हा गावे लागले.

दोन्ही ठिकाणी गाणाऱ्या तेरेझा श्टोल्झ आणि मारिया वाल्डमान या व्हेर्दीच्या ‘आइदा’ ऑपेरातल्या गायिका. तेव्हा, हे देवाचं की रंगभूमीचं, अशी कुजबुज होणारच. हान्स फॉन ब्यूलो या जर्मन संचालकाने तर चर्चची वस्त्रं चढवलेला ऑपेरा म्हणून त्याची टर उडवली. संगीतकार ब्राम्सने मात्र स्वरलिपी वाचून ती अस्सल प्रतिभेची असल्याचा निर्वाळा दिला. १८९२ मध्ये ब्यूलोने व्हेर्दीला पत्र लिहून माफी मागितली.

खरं तर ब्यूलोचं निरीक्षण चूक नव्हतं. चूक होती ती त्यात कमीपणा पाहण्याची. रेक्विएममधल्या ‘लाक्रिमोसा’ची चाल व्हेर्दीच्याच ‘डॉन कार्लोस’ या ऑपेरातून गाळलेल्या प्रसंगाची आहे. अंतिम न्यायाच्या दिवसाचं वर्णन करणारा ‘दिएस इरे’ पुन्हा ऐकून पाहा. वाद्यवृंदाचे दणके बसतात आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बास ड्रमचा ठोका पडतो. ड्रमचं चामडं चांगलं ताणावं, ठोका कोरडा आणि दणदणीत यावा, अशी सूचना व्हेर्दीने स्वरलिपीतच लिहून ठेवली आहे. पुढे मृतांना उठवणारे कर्णे वाजतात, तेव्हा काही ट्रम्पेट समोर असतात आणि चार दूर, नजरेआड. हा नाटककाराचा हिशेब आहे. पण त्याच रेक्विएममधला ‘आन्युस देई’ ऐका. तिथे सुरुवातीला एकही वाद्य नाही. दोघी गायिका एकच साधी चाल गातात, एक वरच्या सप्तकात, दुसरी खालच्या. यात नाटक कुठे शोधायचं? व्हेर्दी स्वतः फारसा देवभोळा नव्हता. मृत्यूपुढे माणूस कसा थरथरतो आणि कशी विनवणी करतो, हे मात्र त्याला पुरेपूर ठाऊक होतं आणि ते मांडायची साधनं त्याच्यापाशी रंगभूमीची होती.

‘दिएस इरे’ तुम्हाला अनोळखी वाटला असेल, तर त्यालाही कारण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मृतांच्या मिस्सेचा विधी बदलला, तेव्हा हे स्तोत्र त्यातून वगळलं गेलं. शिवाय सुमारे दीड तासाचं संगीत आणि शे-दोनशे कलावंत कुठल्या अंत्यविधीत बसवणार? त्यामुळे आज हा रेक्विएम मुख्यतः मैफलीतच ऐकायला मिळतो.

राहिला टाळ्यांचा प्रश्न. रचनेचे सात भाग आहेत. मध्ये टाळ्या वाजवू नयेत. शेवटच्या ‘लिबेरा मे’त सोप्रानो आणि कोरस अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ पुटपुटत थांबतात. तिथेच घाई होते. संचालकाचे हात वर असेपर्यंत गप्प बसायचं. ते खाली आले, की मनसोक्त टाळ्या. प्रयोग चर्चमध्ये असेल, तर यजमान काय करतात ते पाहून वागावं. तुम्ही सभागृहात टाळ्या वाजवल्याच असतील, तर त्यासाठी पापनिवेदनाला जायचं कारण नाही. ला स्कालात खुद्द व्हेर्दीनेही त्या स्वीकारल्या होत्या.