सावलीतली मशागत आणि राखण



वरसे येथे आमच्या घरामागे आंब्याचे जुने झाड आहे. त्याखालचा पातेरा मी दरवर्षी झाडून जाळत असे. तिथे लावलेले गुलाब आणि झेंडू ऊन न मिळाल्याने गेले. मग वाडीवरच्या एका कातकरी आजीने आपल्या अंगणातले रानहळदीचे चार गड्डे दिले. पावसाळ्यात रुंद पाने आणि पिवळी फुले आली. दिवाळीनंतर सारे वाळले. रोपे मेली असे समजून मी उन्हाळ्यात ती जागा खणली. दोन गड्डे कुदळीने तुटले. आजी म्हणाली, "बाय, ती मेली नाय, निजली हाय."

आजचा धडा हाच आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. म्हणून आपल्या रानातल्या अनेक झाडोऱ्याखालच्या वनस्पती पावसात वाढतात आणि उरलेले महिने जमिनीखाली कंदरूपाने राहतात. त्यांना सावली हवी, पातेरा हवा आणि उन्हाळ्यात विसावा हवा.

काय लावावे? रानहळद गुडघाभर वाढून जमीन झाकते. काळी मुसळी गवतासारखी दिसते. तिची चांदणीसारखी पिवळी फुले अगदी जमिनीलगत येतात. भुईचाफ्याची सुवासिक फुले आधी येतात, पाने मागून. मागच्या बाजूला पेव लावावा. तो पुरुषभर वाढतो आणि त्याला पांढरी फुले येतात.

कसे लावावे? मे महिन्याच्या अखेरीस खुरप्याने लहान खळगे करावेत. सगळी जागा खणू नये, आंब्याची मुळे तुटतात. कंद दोन-तीन इंच खोल, फूटभर अंतरावर ठेवावेत. बुंध्याभोवती दोन फूट जागा मोकळी सोडावी. पाणी साचेल तिथे लावू नये, कंद कुजतात. पातेरा जाळू नये, तोच वर पसरावा. पाने वाळली की पाणी बंद करावे आणि जागेवर दगड ठेवून खूण करावी, म्हणजे माझी चूक तुमच्या हातून होणार नाही.

कंद कोठून आणावेत? रानातून खणून आणू नयेत. शेवळाचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसात त्याचे कोंब जमिनीतून वर येतात, पान नंतर येते. कातकरी आणि ठाकर भगिनी त्यांच्या जुड्या बाजारात विकतात. घशाला खाज येऊ नये म्हणून भाजीत काकडाची फळे घालतात. कोंब खुडला तरी कंद जमिनीत राहतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा फुटतो. कंदच उपटला तर ते झाड कायमचे गेले, आणि एका घरची जूनची मिळकतही कमी झाली. शेती उभी राहण्याआधीच्या त्या दिवसांत ही मिळकत लहान नसते. वन हक्क कायदा, २००६ मध्ये मुळे व कंद गौण वनोपजात धरले आहेत आणि ते गोळा करण्याचा हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. आपल्या बागेच्या हौसेसाठी आपण तो वाटा उचलू नये. शेजाऱ्याच्या अंगणात दाटी झालेल्या गड्ड्यांतून मागून घ्यावे, किंवा वाडीवर कोणी परसात वाढवलेले कंद योग्य दाम देऊन घ्यावेत. आपले गड्डे तीन वर्षांनी दाटले की आपणही वाटावेत.

उत्पत्ती २:१५ मध्ये मनुष्याला बागेत दोन कामे दिली आहेत: मशागत आणि राखण. मशागत आपल्याला लवकर सुचते. राखण म्हणजे पुष्कळदा हात आवरणे: पातेऱ्याला काडी न लावणे, निजलेला कंद न उकरणे, दुसऱ्याच्या रानातले न उपटणे.

विचारासाठी
१. आपल्या घराच्या किंवा चर्चच्या आवारात कोणती सावलीची जागा ओसाड समजून आपण सोडली आहे?
२. बाजारात शेवळाची जुडी घेताना आपण भाव पाडतो का?
३. वाडीवरच्या कोणाकडून आपण या वनस्पतींविषयी शिकू शकतो?