उरलेले सारण

वडा म्हटले की सर्वांना कल्याणचा खिडकी वडा आठवतो. पण माझ्या आईचा वडाही काही कमी नाही. जुलै महिन्यात आमच्या शेतावर आवणी होती. बारा माणसे आली होती. आईने मोठ्या टोपात वड्याचे सारण केले, म्हणजे आतली बटाट्याची भाजी. सगळ्यांनी वडे खाल्ले तरी अर्धा टोप सारण उरले. टोप फ्रीजमध्ये मावेना. मग आईने झाकण लावून तो रात्रभर ओट्यावरच ठेवला.

सकाळी आईने त्यातला मोठा गोळा तव्यावर टाकला. चर्र आवाज झाला, वासही छान आला. माझ्या धाकट्या भावाने चपातीबरोबर पोटभर खाल्ले. मला शाळेची घाई होती म्हणून मी एकच घास घेतला. दुपारी भावाला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिलेच विचारले, "काल काय उरलं होतं?" त्यांनी ओआरएसची पुडी पाण्यात कालवून घोटघोट पाजायला सांगितली. आई रात्रभर त्याच्या उशाशी बसली. आई रडली हे लिहू नको असे ती म्हणाली होती, पण मी लिहिले.

मी आमच्या बाईंना विचारले की, वास चांगला होता, मग असे कसे झाले? बाईंनी गणितच घातले. कोमट अन्नात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूचे एका तासात ८, दोन तासांत ६४, चार तासांत ४०९६. पुढचे गुणाकार माझ्या वहीत मावले नाहीत, ते बाईंनी फळ्यावर केले. सात तासांत वीस लाखांच्या वर! खोल टोपातले सारण मध्ये खूप वेळ कोमट राहते. काही जंतू अन्नात विष सोडतात. जंतू मेले तरी ते विष तापवून जात नाही आणि त्याला वासही नसतो.

मग मी आईबरोबर एक प्रयोग केला. फ्रीजमधल्या सारणाचा मुठीएवढा गोळा केला. त्याच्या पोटात हरभऱ्याएवढे थिजलेले तूप ठेवले. गोळा पाच मिनिटे तव्यावर ठेवून मग फोडला. बाहेरून चटका बसला, पण आत तूप तसेच घट्ट! आजी बघतच राहिली. बाई म्हणाल्या, तूप वितळले तरी पुरत नाही, कारण तूप तळहातावरसुद्धा वितळते. सारण मध्यापर्यंत ७५ अंश तापायला हवे.

आता आई उरलेले सारण लगेच परातीत पसरते. निवले की लहान डब्यांत भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच काढते, कढईत फोडून मोकळे करते, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवते आणि मधूनमधून ढवळते. मधूनही वाफ आली की मगच वाढते. एकदा तापवलेले पुन्हा ठेवत नाही. रात्रभर बाहेर राहिलेले मात्र टाकून देते. आजीला ते अजून पटत नाही. ती म्हणते, "एवढं अन्न टाकायचं?" म्हणून आई आता बटाटेच मोजून उकडते.

काल थोडे उरले होते. आई ते तापवत असताना भाऊ कढईत डोकावून म्हणाला, "आई, तूप घातलंस का आत?"